एकवीस तोंडांची खानावळ

आमच्या खानावळीची वेबसाइट पहिल्यांदा निघाली तेव्हा तिच्यावर एकवीस माणसं होती, आणि त्यातल्या एकानेही आयुष्यात कोणाला जेवायला वाढलेलं नव्हतं. मी त्यात नव्हते. माझी सूनही नव्हती. रांधणाऱ्या आम्ही दोघीच.

वेबसाइट म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकले. पेपर वाचते, एस.टी.ची पाटी वाचते, फोन उचलता येतो आणि ठेवता येतो. पण आता या विषयातलं मला कळतं असं गावात मानतात. कोणी नवं काही काढलं की फोन घेऊन ओट्यावर येतात. "आजी, बघा बरं, सापडतंय का." मी बघते. सापडलं नाही की सांगते. माझं ज्ञान एवढंच, आणि ते कसं आलं ते लिहिते.

आमचं घर कर्जतजवळ कोंडाण्याला, लेण्यांकडे चढणाऱ्या वाटेला लागून. पावसाळ्यात शनिवार-रविवार माणसं येतात, वर जातात, धबधब्याखाली भिजतात, आणि उतरताना त्यांना भूक लागलेली असते. मी चहापासून सुरुवात केली. मग कोणी विचारलं, मावशी, भाकरी मिळेल का. मिळेल म्हटलं. घरात असेल ते वाढायचे. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, ठाकरवाडीतल्या बायांनी आणून दिलेली एखादी रानभाजी. लोक म्हणायचे, असं आमच्या घरी मिळत नाही. मी म्हणायचे, घरी करा म्हणजे मिळेल.

सून तेव्हा खालापूरकडच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होती. अंधार असतानाच कंपनीची बस यायची आणि ती जायची. एका उन्हाळ्यात ती म्हणाली, "आई, मी तिकडं परक्यांसाठी रांधते, तुमी इकडं परक्यांसाठी रांधता. एका चुलीवर रांधू की."

तिने नोकरी सोडली. तिच्या सुपरवायझरला तिच्या हाताची चव आवडायची. तो म्हणाला, "पाऊस संपेपर्यंत तुझी जागा मी कोणाला देत नाही. जमलं नाही तर परत ये." म्हणजे आमच्याजवळ चार महिने होते. तेवढ्यात खानावळ उभी राहिली तर राहिली, नाहीतर सून पुन्हा बसमध्ये आणि माझी चूल बंद. मोठी टोपं एकटीने उतरवायचं माझं वय राहिलेलं नाही. मुलगा टेंपो चालवतो, त्याला भाकरी फक्त खाता येते. आणि ओट्यावर बसून येणारी-जाणारी माणसं बघत म्हातारपण काढायची मला आवड नाही. तेव्हा गरज तिला होती तेवढीच मलाही होती. मी तसं तिला बोलून दाखवलं नाही.

कंपनीतल्या सगळ्यांनी तिला सांगितलेलं, आता वेबसाइट पाहिजे, लोक फोनमध्ये बघूनच घराबाहेर पडतात. तिचं माहेर खालापूरचं. तिथे तहसील कचेरीसमोर तिच्या माहेरच्या ओळखीचा एक फ्लेक्सवाला होता. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, जयंतीची कमान, निवडणुकीचे फ्लेक्स, सगळं त्याच्याकडे. दुकानावर नवीन पाटी लावली होती, येथे वेबसाइट बनवून मिळेल. आम्ही गेलो. धाकटा दीर बरोबर आला. घरातला मोठा पुरुष आता तोच, असं त्याचं स्वतःचं म्हणणं.

फ्लेक्सवाल्याने वही उघडली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "शुभेच्छुक कोण कोण?"

दिराने खिशातून कागद काढला. यादी तयारच होती. "वर मधोमध लेण्यातला बुद्ध. त्याच्या खाली आमचा दादा, मोठा फोटो, फुलांच्या चौकटीत. मग मी. मग सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन. मग दोन्हीकडले मामा. थोरल्या मामांना जरा वर घ्या, नायतर मामी बोलायची बंद होईल."

"खानावळीत मामांचं काय काम?" मी विचारलं.

"वहिनी, एकाला घेतला आणि एकाला गाळला की जन्माचं वाकडं येतं. तुमाला काय म्हाईत नाय?"

माहीत होतं. आमच्याकडे एका बारशाच्या बॅनरवरून दोन सख्खे भाऊ दोन वर्षं बोलत नव्हते. म्हणून मी गप्प बसले. या सगळ्यात माझी चूक कुठली विचाराल तर हीच.

"पत्ता काय टाकू?" फ्लेक्सवाल्याने विचारलं.

दीर म्हणाला, "लेण्यांच्या पायथ्याशी. कोणालाही विचारा."

लग्नपत्रिकेवर आम्ही असंच छापतो आणि माणसं बरोबर मांडवात येतात. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आठ दिवसांत वेबसाइट निघाली. मागे जांभळा रंग, वर सोनेरी अक्षरं, कडेने झेंडूची माळ, आणि उघडली की सनई वाजायची. अक्षरं या बाजूने शिरून त्या बाजूने निघून जात. गावाला फार आवडली. दोन दिवस जो तो फोनमध्ये आपलं तोंड शोधत होता आणि सापडलं की दुसऱ्याला दाखवत होता. दिराने काळा गॉगल लावून कानाला फोन धरलेला फोटो दिला होता. तो म्हणाला, "वहिनी, आता बघा गर्दी."

गर्दी झाली ती फोनची. पहिला फोन एका माणसाचा. "साहेब कार्यालयात किती वाजता बसतात?"

"कोण साहेब?"

"गॉगलवाले."

दुसऱ्याला साखरपुड्यासाठी हॉल पाहिजे होता, किती माणूस बसतं ते विचारत होता. तिसऱ्याने विचारलं, "हा पक्ष कोणता?" मी म्हटलं, भाकरीचा. सुनेने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

जेवायला मात्र पूर्वी येत होते तेवढेच येत होते, वाटेवरून जाता जाता. फोनमध्ये बघून आलेला एकही नव्हता. सून म्हणायची, नवीन आहे, थोडा वेळ लागेल. मी म्हणायचे, बरं.

मग तो रविवार आला. ठाण्याची एक बाई आदल्या वर्षी आमच्याकडे जेवून गेली होती. तिने तिच्या ऑफिसातल्यांना सांगितलं आणि चौदा जणांचं ठरलं. आमचा नंबर तिने जपून ठेवला नव्हता. ऑफिसातल्या कोणीतरी वेबसाइट शोधून, खूप वेळ घालवून नंबर काढला आणि गुरुवारी फोन केला. वालाचं बिरडं पाहिजे, गावठी कोंबडी पाहिजे. वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग एक एक दाणा दाबून सोलायचा. दोन दिवसांचं काम. मी शनिवारी दुपारपासून सोलत बसले. सून कोंबडीच्या मागे. रविवारी बारा वाजता सगळं तयार होतं. एक वाजला. दोन वाजले. फोन लावला तर लागेना. तीन वाजता मी शेजाऱ्यांना हाक मारली. ठाकरवाडीच्या चार बाया भारंगीची भाजी विकून परत चालल्या होत्या, त्यांना बसवलं. अन्न वाया गेलं नाही. त्या बायांनी बिरडं दोनदा मागून घेतलं आणि एक म्हणाली, "आज कोणाचं काय हाय गं?" कोणाचंच काही नव्हतं.

चार वाजता ती ठाण्याची बाई एका मैत्रिणीला घेऊन आली. चिडलेली होती. "मावशी, बंद केलंत तर फोनवर सांगायचं ना."

"बंद? आत येऊन बघ. चूल अजून गरम हाय."

मग एकेक उलगडलं. आदल्या वर्षी ही कोणाच्या तरी गाडीतून आली होती, वाट तिच्या ध्यानात नव्हती. ही मंडळी कर्जत स्टेशनवर उतरली आणि रस्ता बघायला वेबसाइट उघडली. तिथे रेंज धड नाही, आम्हाला फोनही लागेना. पान उघडायला गोल गोल फिरत राहिलं. मग सनई वाजली, रिक्षावाले वळून बघू लागले. मग तोंडं यायला लागली, एकेक करून, सावकाश. सगळी आल्यावर शेवटी पत्ता, कोणालाही विचारा. त्यांनी विचारलं. ते कोणालाही म्हणजे एक जीपवाला निघाला, आणि त्याच्या मेव्हण्याचं कशेळ्याच्या पुढे फार्महाउस होतं. तो म्हणाला, "कोंडाण्याची खानावळ ना? ती कधीच बंद झाली. चला, चांगल्या ठिकाणी नेतो." कशेळं कुठे आणि कोंडाणं कुठे. पण ठाण्याच्या माणसाला काय कळणार. सगळे तिकडे जाऊन पनीर खाऊन आले. हिच्या एकटीच्या मनात खटकलं, म्हणून मैत्रिणीला घेऊन परत फिरली. एवढी खटपट केलेल्या माणसावर काय चिडायचं. मी चहा टाकला.

तिने चहा बाजूला ठेवला आणि तिचा फोन माझ्या हातात दिला. "मावशी, ही तुमची साइट. हिच्यात तुमचा नंबर शोधून दाखवा."

मी अंगठ्याने सरकवत गेले. बुद्ध आला, ते ठीक, लेणी बघायलाच माणसं येतात. मग आमचे हे आले, फुलांच्या चौकटीत. मग दीर. सरपंच. पाटील. अंगठा दुखला. मध्येच थोरल्या मामांवर बोट पडलं तर मामा मोठे होऊन सगळ्या फोनभर पसरले आणि काही केल्या जाईनात. त्या बाईने त्यांना घालवलं. नंबर होता अगदी तळाला, झेंडूच्या माळेत, सोनेरीवर पिवळा.

"आता जेवायला काय मिळतं ते शोधा."

तिथे लिहिलं होतं, रुचकर व स्वादिष्ट भोजनाची उत्तम सोय. ते खालापूरपासून कर्जतपर्यंत प्रत्येक पाटीवर लिहिलेलं असतं. बिरड्याचं नाव नव्हतं. भाकरीचं नव्हतं. किती वाजता मिळतं, कुठल्या वारी मिळतं, काही नाही.

ती म्हणाली, "मावशी, बॅनर गावातला माणूस बघतो. त्याला तुमचं घर माहीत असतं. साइट बघणाऱ्याला काहीच माहीत नसतं. त्याला भूक लागलेली असते, बरोबर मुलं असतात आणि फोनला रेंज नसते. त्याला चार गोष्टी हव्यात. काय मिळतं, कधी मिळतं, कसं यायचं आणि फोन कुठे करायचा. तेवढं एका नजरेत दिसलं नाही की तो पुढे जातो."

दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. पण तो माणूस मला डोळ्यासमोर दिसला. काखेत पोर घेऊन स्टेशनबाहेर उभा, आणि त्याच्यासमोर आमचा दीर गॉगल लावून.

सून चुलीपाशी उभी राहून सगळं ऐकत होती. सोमवारी सकाळी तिने पेटीतून कंपनीचा निळा कोट काढला, धुतला आणि दोरीवर टाकला.

"तो कशाला धुतलास गं?"

"उगंच. कुबट वास येत व्हता."

पाऊस संपायला दीड-दोन महिने उरले होते. मी दुपारी तिला म्हटलं, "ती तोंडं काढून टाक."

"आई, कोणाचं काढू? काकांचं काढलं तर ते ओटा चढायचे नायत. मामांचं काढलं तर मामींना तोंड दावायची सोय ऱ्हायची नाय."

"सगळी काढ."

"सगळी काढली तरी विचारतील, पयलं कोणाचं काढलं."

बरोबर होतं तिचं. आमच्याकडे हेच विचारतात. बॅनर फाटला तरी कोणाच्या बाजूने फाटला ते बघतात. मी थोडा विचार केला. फार नाही, कारण विचार करण्यासारखं एकच होतं.

"पयला ह्यांचा काढ," मी म्हटलं.

मुलगा जेवत होता. त्याने वर बघितलं. "बाबांचा?"

"हां, बाबांचा. बाबा काय भाकऱ्या थापणार हायेत? घरात भितीला फोटो हाय, तो मी रोज बघते. भुकेल्या माणसाला कशाला दावायचा?"

तो ताटावरून उठला आणि टेंपोत जाऊन बसला. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण मी हटले नाही. माझा नवरा वाईट माणूस नव्हता. मारहाण नाही, दारू नाही. पण पाण्याचा तांब्या त्याने कधी स्वतः भरून घेतला नाही, आणि आता खानावळीच्या दारात सगळ्यात मोठा तोच बसला होता. तो जिवंत असता तर त्यालाच हसू आलं असतं. किंवा नसतं आलं. थोड्या वेळाने मुलगा आत आला, उरलेली भाकरी संपवली आणि म्हणाला, "करा काय करायचं ते."

या वेळी खालापूरला आम्ही दोघीच गेलो. दिराला सांगितलं नाही. फ्लेक्सवाल्याला आमचं बोलणं कळायलाच वेळ लागला.

"आजी, घाला म्हणणारे रोज येतात. काढा म्हणणारं तुमचं पहिलं गिऱ्हाईक."

"सगळे काढ. बुद्ध ऱ्हाऊ दे, लहान."

"पान रिकामं दिसेल की ओ."

"पाटी मोकळी असली तरच वाचता येते. भरलेल्या पाटीवर तुला मास्तरांनी कधी लिवायला सांगितलं काय?"

"आणि सनई?"

"लग्न कोणाचं हाय?"

त्याने सनई काढली. माणूस भला होता, फक्त त्याला कोणी असं सांगितलंच नव्हतं. मग ताटाचा फोटो. सुनेने सकाळी पडवीत, उजेडाला आमच्या स्टीलच्या ताटाचा काढला होता. बिरडं, भाकरी, सुकट, कांदा. फ्लेक्सवाल्याला तो पसंत पडेना. म्हणाला, "नेटवर एकदम भारी ताट मिळतं. पितळेचं, खाली केळीचं पान, सात वाट्या."

"त्या वाट्यांत काय हाय?"

"काय असेल ते. फोटो आहे, आजी."

"लोक फोटो बघून मागतील. सातवी वाटी मी कुठून वाढू?"

आमचंच ताट लागलं. मजकूर मी सांगितला आणि सुनेने लिहिला. मला पाठ आहे तो. कोंडाण्याला लेण्यांच्या वाटेवर हिरव्या दाराचं घर. गावात शिरल्यावर हातपंपापासून डावीकडे तिसरं. शनिवारी आणि रविवारी दुपारी बारा ते चार जेवण. वालाचं बिरडं किंवा कोंबडी हवी असेल तर दोन दिवस आधी फोन करा. न सांगता आलात तर भाकरी, भाजी, चटणी मिळेल. दारू मिळत नाही आणि आणून पिऊ देत नाही. पोहायचा तलाव नाही. संडास आहे, स्वच्छ आहे. आमची खानावळ बंद झाली असं रस्त्यात कोणी सांगितलं तर आधी आम्हाला फोन करा.

फ्लेक्सवाल्याने टाइप करता करता हात थांबवला. "जे नाही ते कोणी लिहितं का?"

त्याचंही खरं होतं. आमच्याकडे पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. नसलं तर शेजारून आणतात, पण नाही म्हणत नाहीत. पण शेजारून तलाव आणता येत नाही. माणूस पोरांना पोहायचे कपडे घालून दारात आला आणि तिथे त्याला नाही म्हणायचं, त्यापेक्षा घरून निघायच्या आधी म्हटलेलं बरं.

नंबर सगळ्यात वर घ्यायला लावला. त्यावर बोट ठेवलं की सरळ फोन लागतो, अशी सोय त्याने स्वतःहून केली. मग मी चष्मा काढून ठेवला, फोन हातभर लांब धरला आणि म्हटलं, आता बघू. नंबर दिसला. वार आणि वेळ दिसेना.

"करडा रंग आहे ना आजी, म्हणून. आता तीच फॅशन आहे."

"मला दिसत नाय म्हणजे नाय. काळा कर."

काळा केला. अक्षर दोनदा मोठं करायला लावलं. येताना कर्जत स्टेशनबाहेर, जिथे त्या चौदा जणांचा घोटाळा झाला तिथेच उभं राहून सुनेने साइट उघडली. मी पदर सावरेपर्यंत ताट समोर आलं. सून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

दिराला दोन दिवसांत कळलं. तो ओट्यावर चढला नाही, खालीच उभा राहिला.

"वहिनी, मला काढलात?"

"काढला."

"सगळ्या गावात माझी काय किंमत ऱ्हायली?"

"तुमच्या आधी तुमच्या भावाला काढला. माझ्या हातानं. त्याच्या नंतर तुमचा नंबर लागला, म्हंजे मान राखलाच की."

"दादाला?" त्याने सुनेकडे बघितलं. तिने मान हलवली. तो बराच वेळ पायाने माती उकरत राहिला. "दादालाच काढलात तर मी काय बोलू," म्हणाला आणि गेला. सरपंच वगैरे मंडळी आली नाहीत. दिरानेच सगळीकडे सांगितलं असणार, तिनं नवऱ्याचाच फोटो काढून टाकला, तिच्या नादी कोण लागतंय. माझं काम झालं. थोरली मामी मात्र अजून बोलत नाही. तिचं बोलणं मला कधी फारसं लागायचंही नाही.

फोन यायला लागले. एकदम झुंबड उडाली असं काही नाही. पहिल्या शनिवारी दोन कुटुंबं, मग चार. पण जो फोन करी तो कामाचं बोले. "बिरडं परवा मिळेल ना?" "आम्ही नऊ जण." पक्ष कोणता, ते कोणी विचारलं नाही. तलाव कुठे, तेही विचारलं नाही. एकाने विचारलं, "संडास खरंच स्वच्छ आहे का, आई बरोबर आहे." मी म्हटलं, येऊन बघा. आईला घेऊन आला. म्हातारी आधी तिकडे जाऊन आली आणि मग जेवायला बसली.

एकजण वाढल्यावर म्हणाला, "फोटोत तीन भाकऱ्या होत्या, इथे दोनच." मी तिसरी वाढली. त्याने खाल्ली नाही, पण त्याचं बरोबर होतं. फोटोत दाखवलं म्हणजे कबूल केलं. तेव्हापासून दर शुक्रवारी सून त्या आठवड्याला कुठली रानभाजी मिळेल ते लिहिते, आणि भाजी संपली की रविवारी दुपारीच पुसून टाकते. टाकळा लिहिलेला आणि कुरडू वाढली असं आमच्याकडे होत नाही.

महिनाभराने दीर आला, ओट्यावर चढला, चहा घेतला. उठताना म्हणाला, "वहिनी, लोक मला विचारतात, लेण्यापर्यंत नेता का. पावसात वाट कळत नाय त्यांना." तो लहानपणापासून त्या रानात फिरलेला, कुठला दगड हलतो हेही त्याला पाठ. सुनेने साइटवर ओळ घातली. वर नेणारा माहितीचा माणूस आहे, आदल्या दिवशी कळवा.

"फोटो?" त्याने विचारलं.

"फोटो नाय."

"गॉगल नाय घालत."

"तरी नाय."

आता तो शनिवार-रविवार सकाळी काठी घेऊन ओट्यावर हजर असतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, "साइटवर माझं वाचलंत ना?"

पाऊस ओसरला. मधल्या वारी अजूनही कोणी येत नव्हतं. शनिवार-रविवार मात्र घर भरत होतं. पण पावसाळ्यानंतर हे टिकेल की नाही ते मला माहीत नव्हतं, सुनेलाही नव्हतं. आम्ही त्यावर बोलत नव्हतो. अशातच एका शुक्रवारी दुपारी सुपरवायझरचा फोन आला. सून तांदळाचं पीठ मळत होती, हात भरलेले, म्हणून तिने कोपराने दाबून फोन मोठ्याने बोलता केला. मला सगळं ऐकू येत होतं.

"पाऊस संपला. जागा आहे. एक तारखेपासून येतेस का? यंदा पर्मनंटचंही बघू."

तिने माझ्याकडे बघितलं. मी तोंड फिरवून भांडी लावायला लागले. तिच्या आयुष्याचं मी काय सांगणार, आणि त्यात माझाही स्वार्थ होता, तो मला लपवता आला नसता.

"ऐकतेस ना?" तो म्हणाला.

"ऐकतेय, साहेब."

"मग?"

ती पीठ मळायची थांबली होती. मी एक पातेलं दोनदा पुसलं.

"नाय जमणार, साहेब," ती घाईने म्हणाली. "ठेवते हां, भाकरी करपतीय."

तिने कोपराने फोन बंद केला. मी चुलीकडे बघितलं. चूल पेटलेली होती, पण वर तवाच नव्हता.

"भाकरी कुठं हाय? खोटं कशाला बोललीस?"

"अजून एकदा विचारलं असतं त्यांनी," ती म्हणाली, "तर मी हो म्हणाले असते."

मी उठले आणि चुलीवर तवा ठेवला.